निर्णय गोलफलकावरून तोलू नये

२० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने गोल केला आणि एफसी गोवा २-१ असा पुढे गेला. ९०व्या मिनिटाला स्वयंगोल झाला, भरपाईच्या वेळेत मेंडोझाने चेन्नईयिनचा तिसरा गोल केला आणि चषक चेन्नईला गेला. सामना ८९व्या मिनिटाला थांबला असता तर गोव्याचे प्रशिक्षक झिको यांची संघनिवड, त्यांनी केलेले बदल आणि आघाडी राखण्याची त्यांची पद्धत हे सारे अनुभवी प्रशिक्षकाचे शहाणपण ठरले असते. सामना पुढे पाच-सहा मिनिटे चालला, म्हणून तेच सारे संशयास्पद ठरले. त्या मिनिटांत झिको यांचा आधीचा एकही निर्णय बदललेला नव्हता. बदलला होता तो फक्त गोलफलक. तरीही आपण प्रशिक्षकाला जो दोष देतो किंवा जे श्रेय देतो, ते बहुतेक वेळा याच फलकाकडे पाहून देतो. ही सवय आपण सोडायला हवी. प्रशिक्षकाने सामन्यादरम्यान घेतलेला निर्णय त्या क्षणी त्याच्यापुढे काय होते यावरून तपासावा, नंतर काय घडले यावरून नव्हे. महाविद्यालयीन संघांच्या बाबतीत तर हा नियम अधिक कसोशीने पाळायला हवा.

गोव्यात खेळावर वाद घालायला कुणाला शिकवावे लागत नाही. सासष्टीत फुटबॉल जितक्या जिद्दीने चर्चिला जातो, तितक्याच जिद्दीने तो पेडणे आणि डिचोलीतही चर्चिला जातो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या सेझा फुटबॉल अकादमीने साखळीत मुले घडवली. म्हापशाच्या पेडे क्रीडासंकुलातले हॉकीचे मैदान या दोन्ही तालुक्यांना जवळचे, आणि २०२३ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेतले हॉकीचे सामने तिथेच झाले. विर्नोड्याचे संत सोहिरोबानाथ आंबिये सरकारी महाविद्यालय, डिचोलीचे नारायण झांट्ये वाणिज्य महाविद्यालय, साखळीचे सरकारी महाविद्यालय अशा संस्थांत शिकणारी मुले आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या वयात असतात, आणि त्यांचे सामने पाहायला येतात ते त्यांचे मित्र, भावंडे आणि गावकरी. सामना संपला की प्रश्न सुरू होतात. चांगला खेळत होता, त्याला का काढला? एका गोलने पुढे असताना मागे का सरलात? पेनल्टी कॉर्नर त्याच्याकडेच का दिला? हे प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारले गेलेच पाहिजेत. आक्षेप आहे तो उत्तर ठरवण्याच्या पद्धतीवर. संघ जिंकला तर प्रश्न विचारलाच जात नाही, आणि हरला तर प्रश्नाच्या पोटातच निकाल लिहिलेला असतो.

हॉकी आणि फुटबॉल या खेळांची जातकुळीच अशी, की त्यांत निकाल हा निर्णयाचा फार कच्चा साक्षीदार ठरतो. बास्केटबॉलमध्ये एका सामन्यात दोन्ही संघ मिळून शंभरावर गुण सहज करतात, त्यामुळे एखादा नशिबाचा फेरा बाकीच्या गुणांत विरून जातो. फुटबॉलमध्ये असा फेरा अख्खा मोसम गिळू शकतो. मार्च २०१७ मध्ये बांबोळीला झालेल्या संतोष चषकाच्या अंतिम सामन्यात गोवा आणि बंगाल ११८ मिनिटे बरोबरीत होते. ११९व्या मिनिटाला मनवीर सिंगने गोल केला आणि गोवा घरच्या मैदानावर हरला. मार्च २०१९ मध्ये मुंबईत एफसी गोवा आणि बेंगळुरू यांच्यातल्या अंतिम सामन्याचा निकाल ११७व्या मिनिटाला राहुल भेकेच्या हेडरने लागला. मार्च २०२४ मध्ये युपिया येथे सेनादलाने गोव्याला संतोष चषकाच्या अंतिम सामन्यात हरवले, तेही १-० असेच. या तिन्ही सामन्यांत गोव्याच्या प्रशिक्षकांनी काही बरोबर आणि काही चूक निर्णय घेतले असतील. पण त्यातले कोणते बरोबर होते आणि कोणते चूक, हे एका गोलवरून सांगता येणे शक्य नाही. नव्वदहून अधिक मिनिटांच्या खेळातून एकच नोंद उरते, आणि तिच्यावरून आपण सगळ्या विचारप्रक्रियेचा हिशेब लावतो.

ही चूक केवळ गावच्या चाहत्यांची नाही. माणसाच्या मनाचीच ती ठेवण आहे आणि मानसशास्त्रज्ञांनी ती तपासली आहे. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांपुढे डॉक्टरांच्या निर्णयांची वर्णने ठेवली. रुग्ण तोच, शस्त्रक्रियेतला धोका तोच, निर्णयही तोच. काही वर्णनांत रुग्ण वाचला, काहींत दगावला. रुग्ण वाचल्याचे वाचून लोकांनी निर्णय चांगला ठरवला आणि दगावल्याचे वाचून तोच निर्णय वाईट ठरवला. निकालाचा विचार करू नये हे अनेकांना मान्य होते, तरीही त्यांची मते निकालाकडेच झुकली. खुद्द प्रशिक्षकही यातून सुटत नाहीत. अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलच्या सामन्यांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. थोडक्या गुणांनी जिंकलेल्या संघापेक्षा थोडक्या गुणांनी हरलेल्या संघाचे प्रशिक्षक पुढच्या सामन्यात संघ अधिक वेळा बदलतात, असे त्यात आढळले. एक-दोन गुणांच्या फरकाने संघाच्या दर्जाबद्दल नवे असे काहीच कळलेले नसते, तरी हरलेल्याला वाटते की काहीतरी केलेच पाहिजे.

'काहीतरी केलेच पाहिजे' हा दबाव कुठून येतो, हे इस्रायली संशोधकांच्या २००७ च्या अभ्यासातून दिसते. त्यांनी वरिष्ठ पातळीवरच्या फुटबॉलमधले २८६ पेनल्टी फटके तपासले. गोलरक्षक मधोमध उभा राहिला तर फटका अडवण्याची शक्यता अधिक असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. प्रत्यक्षात मात्र शंभरापैकी त्र्याण्णवहून अधिक वेळा गोलरक्षक डावीकडे किंवा उजवीकडे झेपावत होते. कारण उघड आहे. झेप घेऊन गोल खाल्ला तर 'प्रयत्न तरी केला' असे म्हणतात, आणि जागेवर उभे राहून खाल्ला तर 'बघत राहिला' असे म्हणतात. याचा अर्थ असा, की प्रेक्षकांच्या दोषारोपाची भीती खेळाडूला अधिक चांगला पर्याय सोडायला लावते. निकालावरून न्याय करण्याचे नुकसान इथे सर्वांत स्पष्ट दिसते. त्या न्यायामुळे संघाचा खेळ सुधारत नाही. ज्या निर्णयाने दोष कमी येतो, तो घेण्याचे वळण मात्र लागते.

हॉकीत याचे ठळक उदाहरण म्हणजे शेवटच्या मिनिटांत गोलरक्षक मैदानाबाहेर काढून एक खेळाडू वाढवणे. संघ एका गोलने मागे असेल तर हा जुगार गणिताला धरून असतो. एका गोलने हरणे आणि दोन गोलने हरणे यांत फारसा फरक नाही, बरोबरी मात्र मौल्यवान आहे. बर्फावरच्या हॉकीबद्दल २०१८ मध्ये दोन अभ्यासकांनी हिशेब मांडला, तेव्हा एका गोलने मागे असलेल्या संघाने सामना संपायच्या जवळपास सहा मिनिटे आधीच गोलरक्षक काढावा असे उत्तर आले. प्रशिक्षक मात्र वर्षानुवर्षे शेवटचे मिनिट उगवण्याची वाट पाहत आले होते, कारण रिकाम्या जाळ्यात गेलेला गोल प्रेक्षक विसरत नाहीत. ५ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियोत भारताविरुद्ध कांस्यपदकाच्या सामन्यात ४-५ ने मागे असलेल्या जर्मनीने अखेरच्या मिनिटांत गोलरक्षक काढला. शेवटचे काही सेकंद उरले असताना त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला आणि भारताचा गोलरक्षक श्रीजेशने तो अडवला. भारताला हॉकीत ४१ वर्षांनी ऑलिम्पिक पदक मिळाले. श्रीजेशचा तो बचाव आपल्यासाठी अविस्मरणीय आहे, पण त्यामुळे जर्मन प्रशिक्षकाचा निर्णय चुकीचा ठरत नाही. त्याने संघाला बरोबरीच्या दारापर्यंत आणून ठेवले होते, आणि दार एका असामान्य गोलरक्षकाने बंद केले.

भारताच्या त्याच पदकविजेत्या संघाचे प्रशिक्षक ग्रॅहम रीड यांची पुढची कहाणीही बोलकी आहे. जानेवारी २०२३ मध्ये भुवनेश्वरला विश्वचषकात भारत न्यूझीलंडविरुद्ध ३-१ ने पुढे होता, सामना ३-३ झाला आणि शूटआउटच्या वाढीव फेरीत भारत ४-५ ने हरला. हार्दिक सिंग दुखापतीमुळे स्पर्धेबाहेर गेलेला होता आणि शूटआउट सुरू असतानाच श्रीजेशलाही बाहेर जावे लागले. काही दिवसांतच रीड यांनी राजीनामा दिला. टोकियोत जर्मनीचा तो शेवटचा कॉर्नर आत गेला असता तर रीड यांची कारकीर्द वेगळ्या शब्दांत लिहिली गेली असती, आणि भुवनेश्वरला शूटआउटचा एक प्रयत्न आत गेला असता तर आणखी वेगळ्या. उलट ४ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड मिळाले. उरलेला सगळा वेळ दहा जणांनिशी काढून भारताने ग्रेट ब्रिटनशी १-१ बरोबरी राखली आणि शूटआउट ४-२ ने जिंकले. प्रशिक्षक क्रेग फुल्टन यांनी बचाव आवळण्याचा मार्ग धरला होता. शूटआउट हरले असते तरी तो मार्ग योग्यच राहिला असता, कारण एक खेळाडू कमी असताना तीन चतुर्थांश सामना उघड्यावर खेळणे म्हणजे पराभवाला बोलावणे.

मग चाहत्याने प्रशिक्षकाला तपासायचे कसे? तीन प्रश्न पुरेसे आहेत. निर्णय घेताना त्याच्यापुढे कोणती माहिती होती? त्याच्याकडे दुसरे कोणते पर्याय होते? आणि त्या सामन्यातून त्याला काय साधायचे होते? यांची उत्तरे शोधायला खेळाचे नियम ठाऊक असावे लागतात. हॉकीत बदली खेळाडू कितीही वेळा आत-बाहेर करता येतात, म्हणून दमलेल्या खेळाडूला काढणे ही शिक्षा नसते, पुढच्या चतुर्थांशासाठी त्याला राखणे असते. पण पेनल्टी कॉर्नर दिला गेल्यापासून तो पूर्ण होईपर्यंत बदल करता येत नाही. त्यामुळे कॉर्नर मारणारा नेहमीचा खेळाडू त्या क्षणी बाकावर असेल, तर दोष कॉर्नर घेणाऱ्यावर ढकलता येत नाही. प्रश्न बाकावरच्या वेळापत्रकाचा आहे आणि तो प्रशिक्षकालाच विचारावा लागतो. फुटबॉलमध्ये पिवळे कार्ड मिळालेल्या मध्यरक्षकाला काढले, तर चांगला खेळणारा का काढला हा प्रश्न अपुरा आहे. दुसऱ्या कार्डाचा धोका किती होता, हेही विचारावे लागते. २०१९ च्या त्या अंतिम सामन्यात गोव्याचा अहमद जाहूह जादा वेळेत दुसऱ्या पिवळ्या कार्डामुळे बाहेर गेला आणि संघ दहा जणांवर आला. अशा वेळी तपासायची असते ती जोखीम. तिचा परिणाम आपल्याला नंतर दिसतो, प्रशिक्षकाला तो आधी तोलावा लागतो.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की शेवटी खेळ जिंकण्यासाठी असतो आणि निकालाचा विचार करायचा नाही तर प्रशिक्षकाला जबाबदार धरायचे कशाच्या आधारे? आक्षेप वजनदार आहे. निकाल निरर्थक असतो असे माझे म्हणणे नाही. दहा-वीस सामन्यांचे निकाल एकत्र पाहिले तर त्यांतून बरेच कळते. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपो क्लबने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, ते पाचही वेळा नशिबाने मिळाले असे कुणी म्हणणार नाही. प्रश्न एकेका सामन्यातल्या एकेका निर्णयाचा आहे. तिथे निकाल किती गोंधळात टाकतो, हे एफसी गोव्याच्याच २०१९-२० च्या मोसमातून दिसते. संघ गुणतक्त्यात अव्वल असताना क्लबने प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा यांना दूर केले आणि गोमंतकीय क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे सूत्रे दिली. जमशेदपूरला ५-० ने हरवून संघाने साखळी फेरीचे विजेतेपद मिळवले आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब होण्याचा मान पटकावला. त्यानंतर उपांत्य फेरीत तोच संघ चेन्नईयिनकडून दोन सामन्यांत मिळून ५-६ ने हरला. लोबेरांना काढणे बरोबर होते की चूक? पहिल्या निकालाची साक्ष काढली तर बरोबर, दुसऱ्याची काढली तर चूक. जो साक्षीदार दोन्ही बाजूंनी बोलतो, त्याच्या भरवशावर निवाडा करता येत नाही.

दुसरा आक्षेप याहून टोकदार आहे. निर्णयाची प्रक्रिया पाहा, निकाल नको, असे म्हटले की प्रत्येक अपयशी प्रशिक्षकाला पळवाट मिळेल. प्रत्यक्षात उलटे घडते. निकालाची कसोटी जिंकलेल्या प्रशिक्षकाला पूर्ण मोकळे सोडते. गुडघा दुखावलेल्या विद्यार्थ्याला शेवटची वीस मिनिटे खेळवून सामना जिंकला, तर त्या कसोटीवर प्रशिक्षक यशस्वी ठरतो. निर्णयाच्या कसोटीवर तो दोषी ठरतो, कारण त्याला दुखापत ठाऊक होती आणि बाकावर दुसरा खेळाडू बसलेला होता. म्हणजे ही कसोटी सौम्य नाही, दोन्ही बाजूंनी कापणारी आहे. ती विजयानंतरही प्रश्न विचारते. पराभवानंतर मात्र दोष द्यायचा असेल तर पुरावा मागते.

महाविद्यालयीन संघाचा प्रशिक्षक आणि व्यावसायिक क्लबचा प्रशिक्षक यांच्यात एक मूलभूत फरक आहे. क्लबला खेळाडू विकत घेता येतात. महाविद्यालयाला प्रवेश घेतलेल्या मुलांमधूनच संघ उभा करावा लागतो. तिसऱ्या वर्षाची मुले दरवर्षी जातात, पहिल्या वर्षाची येतात, परीक्षांचे वेळापत्रक सरावावर कुरघोडी करते, आणि दूरच्या गावातून येणाऱ्या मुलाला शेवटची बस गाठायची असते. शिवाय अनेक ठिकाणी शारीरिक शिक्षणाच्या एकाच शिक्षकाला फुटबॉलपासून कबड्डीपर्यंत सगळे संघ पाहावे लागतात. अशा संघात प्रथम वर्षाच्या मुलाला अटीतटीच्या सामन्यात उतरवणे ही पुढच्या दोन वर्षांची गुंतवणूक असू शकते. आजचा सामना गमावला तरी तो निर्णय महाविद्यालयाच्या हेतूला धरून असेल. पण पराभवाची किंमत दर वेळी त्या प्रशिक्षकाकडूनच वसूल होणार असेल, तर पुढच्या वेळी तो अनुभवी अकराच उतरवेल आणि बाकावरची मुले तीन वर्षे बाकावरच बसून पदवी घेतील. हा तोटा कोणत्याही गोलफलकावर दिसत नाही, म्हणूनच तो कुणाच्या खात्यावर पडत नाही.

प्रशिक्षकावरच्या टीकेचा मारा थेट मुलांवरही होतो. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत भारत पाकिस्तानकडून १-७ ने हरला आणि गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्यावर देशद्रोहापर्यंतचे आरोप झाले. त्यांना त्या डागासह अनेक वर्षे काढावी लागली. पुढे १९९८ मध्ये बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे ते गोलरक्षण प्रशिक्षक होते. एका निकालावरून माणसाची लायकी ठरवली की केवढी चूक होऊ शकते, त्याचा हा पुरावा आहे. पेडणे-डिचोलीत सगळे एकमेकांना ओळखतात. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाला का उतरवला, ही प्रशिक्षकावरची टीका दुसऱ्या दिवशी बाजारात आणि बसमध्ये त्या मुलाच्या कानावर पडतेच. तिच्यात त्याच्याबद्दलचा निकालही असतो.

तिसरा आक्षेप चाहत्यांच्या हक्काचा आहे. खेळ भावनेचा विषय आहे, त्यात न्यायालयाची शिस्त आणली तर मजाच जाईल, असे कुणी म्हणेल. पेडणे-डिचोलीतला प्रेक्षक भावना आणि पारख यांना एकमेकांचे वैरी मानत नाही, याचा दाखला इथल्या जत्रांतच आहे. जत्रेतल्या दशावतारी नाटकात राक्षसाचा वध होणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक असते. संवाद लिहिलेले नसतात, नट ते रंगमंचावरच रचतात. शेवट ठरलेला असल्यामुळे प्रेक्षक रात्रभर पाहतो ते राजाची भूमिका करणाऱ्या राजपार्टीने आव्हान कसे पेलले, स्त्रीभूमिका करणाऱ्या स्त्रीपार्टीने उत्तर कसे दिले, समोरच्याने टाकलेला शब्द कुणी कसा झेलला. त्यात रस कमी नसतो आणि पारखही कमी नसते. असा प्रेक्षक मैदानावर येऊन केवळ शेवट पाहील, असे मानण्याचे कारण नाही. शिवाय कडेला उभ्या असलेल्या चाहत्याला काही गोष्टी प्रशिक्षकापेक्षा चांगल्या दिसतात. उजव्या बगलेवर मोकळी पडलेली जागा, थकून मागे राहणारा बचावपटू, कुणी पास मागतच नाही हे. त्याची टीका मौल्यवान आहे. ती सामना चालू असताना दिसलेल्या गोष्टींवर उभी असेल तर प्रशिक्षकालाही ती उपयोगी पडते.

यासाठी काही साध्या गोष्टी करता येतील. महाविद्यालयांनी मोसमाच्या सुरुवातीलाच सांगावे, की यंदा संघाचे उद्दिष्ट चषक आहे, नवे खेळाडू घडवणे आहे, की दोन्ही. मग प्रशिक्षकाला त्याच उद्दिष्टावर तपासता येईल आणि त्यालाही पराभवानंतर नवे उद्दिष्ट शोधून काढता येणार नाही. सामन्यानंतर प्रशिक्षकाने दोन-तीन मोठ्या निर्णयांची कारणे मोकळेपणाने सांगावीत. आपण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळते असे दिसले की चाहत्यांच्या प्रश्नाचा सूरही बदलतो. आमच्या वृत्तपत्रांनीही आंतरमहाविद्यालयीन सामन्यांच्या बातम्यांत फक्त गोल करणाऱ्यांची नावे न छापता कोणता बदल कोणत्या मिनिटाला झाला आणि तेव्हा गोलसंख्या काय होती, हे छापावे. एवढी नोंद असली तरी वादाला आधार मिळतो. आणि चाहत्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घ्यावी: बदल चुकला असे वाटले तर ते तो होताना म्हणावे, गोल झाल्यावर नव्हे. गोल होण्याआधी नोंदवलेल्या मताला धैर्य लागते आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागते. प्रशिक्षक प्रत्येक सामन्यात नेमकी हीच जबाबदारी घेत असतो, म्हणून त्याच्या निर्णयाला नावे ठेवण्याचा खरा अधिकारही तीच घेणाऱ्याला आहे.